परगावी गेलेल्यांचे शहर : पिंग्याओची टिपणे

पिंग्याओच्या तटावर चढून आत पाहिले की आधी छपरे दिसतात. करडी कौले, आणि बहुतेक छपरांना एकच उतार, तोही आत चौकाकडे. रस्त्याकडची भिंत सरळ उंच गेलेली, तिला खिडकी नाही. चीनच्या शान्शी प्रांताच्या या भागात पाऊस बेताचा, वाऱ्याबरोबर येणारी पिवळी धूळ भरपूर, आणि एके काळी घराघरात रोकड. म्हणून भिंत उंच, दार एक आणि छपरावर पडलेला थेंब न् थेंब आपल्याच चौकात. पाणी म्हणजे धन, ते दुसऱ्याच्या शेतात जाऊ द्यायचे नाही, अशी इकडची समजूत. बोळातून चालताना आतल्या घराबद्दल काहीच कळत नाही. दाराला उंच उंबरठा, तो ओलांडला की समोर आडवी भिंत. नजर तिथेच अडते. तिला वळसा घातला की चौक लागतो, त्याच्या तिन्ही बाजूंना खोल्या, आणि समोर मुख्य घर. मुख्य घराच्या खोल्या बहुधा विटांच्या कमानीच्या. डोंगर कोरून केलेल्या गुहाघरांत राहण्याची इथल्या लोकांची जुनी सवय. सपाटीवर आल्यावर त्यांनी तोच आकार विटांत बांधून काढला. भिंत जाड, हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. खोलीत अर्धी जागा विटांच्या ओट्याने व्यापलेली. चुलीचा धूर या ओट्याच्या पोटातून फिरून बाहेर जातो, त्यामुळे ओटा गरम राहतो. त्यावर झोपायचे, बसायचे, जेवायचे, शिवणटिपण करायचे.

*

तटाची लांबी सहा किलोमीटरांहून थोडी अधिक. आत ठोकून बसवलेली माती, बाहेरून भाजक्या विटा. आजचे बांधकाम मिंग राजवटीतले, १३७० सालापासूनचे. वेशी सहा : दक्षिणेला आणि उत्तरेला एकेक, पूर्व-पश्चिमेला दोन दोन. लोक या शहराला कासव म्हणतात. दक्षिण वेस डोके, उत्तर वेस शेपूट, बाकी चार वेशी चार पाय, आणि दक्षिण वेशीबाहेरच्या दोन विहिरी म्हणजे डोळे. तटावर तीन हजार चर्या आणि बहात्तर टेहळणीचे मनोरे. कन्फ्यूशियसचे तीन हजार शिष्य आणि त्यांतले बहात्तर थोर, असा हिशेब सांगतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शान्शीत अवेळी आणि बेसुमार पाऊस झाला, तेव्हा या तटाचा सुमारे २५ मीटरांचा तुकडा ढासळला. बाहेरून विटांचे दिसणारे हे काम आतून मातीचे आहे, हे त्या वेळी सगळ्यांनी फोटोत पाहिले. माती पाणी पिते आणि फुगते. कोरड्या हवेच्या भरवशावर साडेसहाशे वर्षे उभा राहिलेला तट आता बदलत्या पावसात कसा टिकवायचा, हा प्रश्न पिंग्याओपुढे खरोखरचा आहे. तटावरून चालताना नव्या विटांचे पट्टे वेगळे ओळखू येतात. ते तसेच ओळखू यावेत. जुन्या-नव्याची सरमिसळ करून फसवण्यापेक्षा हे बरे.

*

बीजिंगहून येणारी वेगवान गाडी वाटेत श्जियाझुआंगला थांबली. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी याच शहरात आहे. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आला. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे पुढेमागे परतले, कोटणीस राहिले. १९३९ च्या अखेरीस ते शान्शीच्या डोंगरात, जपानशी लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या मुख्यालयात पोहोचले, पुढे शान्शी-हपैच्या सीमेवरच्या खेड्यांतून जखमींवर शस्त्रक्रिया करत हिंडले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. श्जियाझुआंग सुटले की गाडी थायहांगच्या डोंगरात शिरते. एक बोगदा तर सत्तावीस किलोमीटरांहून लांब आहे. बोगद्यांच्या मध्ये क्षणभर उघडे डोंगर दिसतात : उभे कडे, पायऱ्यापायऱ्यांची शेती, झाड जवळपास नाही. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातले कोटणीस मला लहानपणापासून ठाऊक होते. पण याच डोंगरांतून, कधी पायी, कधी घोड्यावरून, हिवाळ्यात औषधांची खोकी घेऊन जाणारा माणूस मला या गाडीतच पहिल्यांदा नीट दिसला.

*

पश्चिम रस्त्यावरची रिशेंगचांग पेढी बाहेरून इतर दुकानांसारखीच आहे. आत एकामागे एक तीन चौक. पुढच्या चौकात दोन्ही हातांना गल्ले, मधल्या चौकात मुनिमांच्या खोल्या, मागे पाहुण्यांची सोय. गल्ल्याच्या खोलीतल्या ओट्याखाली चांदी ठेवायचे तळघर.

ही मुळात रंगांची पेढी. शियूछंग असे तिचे नाव, मालक ली घराणे, मुख्य मुनीम लेई ल्यूथाय. पिंग्याओत रंग तयार व्हायचे आणि बीजिंगसह मोठ्या शहरांत विकले जायचे. परगावी धंदा करणाऱ्या शान्शीच्या माणसांना वर्षाअखेर घरी चांदी पाठवायची असे. रस्त्यात दरोडेखोर, म्हणून सोबत हत्यारबंद रक्षक घ्यायचे आणि त्यांना भरपूर मोबदला द्यायचा. त्यापेक्षा ओळखीचे लोक बीजिंगच्या रंगपेढीत चांदी भरू लागले आणि त्यांची घरची माणसे पिंग्याओच्या पेढीतून तेवढीच उचलू लागली. आधी हे स्नेहापोटी चालले, मग त्यावर हुंडणावळ घेतली जाऊ लागली. लेई ल्यूथायच्या लक्षात आले की रंगापेक्षा हाच धंदा मोठा आहे. १८२३ च्या सुमारास रंग बाजूला पडला आणि चीनमधली पहिली हुंडीपेढी उभी राहिली. पुढे तिच्या शाखा तीसहून अधिक शहरांत पसरल्या. आपल्याकडे पेशवाईत उत्तरेच्या मोहिमांवर पैसा जायचा तो बराचसा हुंड्यांवर, त्यामुळे मराठी माणसाला इथले व्यवहार समजावून सांगावे लागत नाहीत. पण या पेढ्यांनी हुंडीभोवती जी व्यवस्था रचली ती जवळून बघण्यासारखी आहे.

एका कपाटात हुंडी मांडली आहे. कागद पातळ, उजेडात धरला तर आतली खूण दिसेल असा. प्रत्येक शाखेत हुंडी लिहिणारा माणूस ठरलेला, आणि त्याच्या हस्ताक्षराचा नमुना बाकीच्या सगळ्या शाखांकडे. अक्षर जुळले नाही तर पैसे नाहीत. वर संकेत. बारा महिन्यांना बारा अक्षरे, तीस दिवसांना तीस, रकमेच्या आकड्यांना आणखी वेगळी. बाहेरच्या माणसाला तो पद्याचा एखादा तुकडा वाटावा. पेढीच्या माणसाला त्यात तारीख आणि रक्कम दिसायची. महिन्यांची बारा अक्षरे ओळीने वाचली तर बजावणीच तयार होते : खोट्या हुंडीपासून सावध राहा, लेखन आणि शिक्का बारकाईने पाहा. म्हणजे नवा मुलगा संकेत पाठ करता करता कामातली पहिली शिस्तही पाठ करत असे. संकेत फुटल्याचा संशय आला किंवा फार दिवस झाले की तो बदलायचा. ही बारा अक्षरे मी वहीत उतरवून घेतली. एवढ्या लांबच्या लांब देशात, तारयंत्राच्या आधी, एका माणसाने लिहिलेला चिटोरा हजार मैलांवरच्या माणसाने खरा मानायचा, याची अशी तजवीज कुणीतरी बसून विचारपूर्वक केली होती.

हिस्सेदारीची रीतही तितकीच विचारपूर्वक. भांडवल मालकाचे, त्याचा हिस्सा वेगळा. आणि काम करणाऱ्यांचा हिस्सा वेगळा : चांदीचा एक तुकडाही न गुंतवता, केवळ श्रमाच्या आणि इमानाच्या बळावर मिळणारा. तीन-चार वर्षांनी खाती मिटवली जायची तेव्हा नफ्याचा वाटा दोघांना. तोटा मात्र मालकाचा. मुख्य मुनिमाच्या कामात मालकाने रोज नाक खुपसायचे नाही. मुनीम वारला तरी त्याचा हिस्सा काही वर्षे त्याच्या घरी जात राही.

एक गोष्ट इथे सगळे सांगतात. दारोदार भीक मागणारी एक म्हातारी विधवा पेढीत आली. मेलेल्या नवऱ्याच्या जुन्या अंगरख्याच्या शिवणीत तिला एक हुंडी सापडली होती, झांगज्याखौ शाखेची, तीस वर्षांहून जुनी, बारा हजार ल्यांग चांदीची. नवरा पैसे भरून घरी निघाला आणि वाटेत मेला. पेढीने जुन्या वह्या काढल्या, नोंद जुळली, आणि सगळी रक्कम तिच्या हाती दिली. ही गोष्ट खरी असो वा पेढीने आपला लौकिक वाढवण्यासाठी पसरवलेली असो, मला तिच्यात ती बाई महत्त्वाची वाटते. तीस वर्षे तिने तो अंगरखा जपून ठेवला होता.

*

पेढीत उमेदवार म्हणून मुलगा घ्यायचा तो इथलाच, ओळखीचा, जामीन राहील असा कुणी पाठीशी असलेला. वय पंधरा-सोळा. अक्षर चांगले हवे, मणिपाटीवर बोटे चालायला हवीत. उमेदवारी तीन वर्षांची. शाखेवर नेमणूक झाली की बायको नेता येत नसे. घरी यायचे ते साधारण तीन वर्षांनी, काही महिन्यांच्या रजेवर. घरी पाठवायचे पत्रही पेढीमार्फत जायचे. गावात मागे राहिलेली बायको, मुले, आईबाप ही एका अर्थी तारणच होती. माणूस पैसे घेऊन पळणार कुठे? त्याचे घर पिंग्याओत.

हा हिशेब मनात आल्यावर हे शहर मला वेगळे दिसू लागले. हे सगळे वाडे परगावी गेलेल्या पुरुषांच्या पैशावर उभे आहेत आणि त्यांत वर्षानुवर्षे राहिल्या त्या बायका. उंच आंधळ्या भिंतीच्या आत, चौकातल्या आभाळाच्या चौकोनाखाली.

शान्शीच्या उत्तरेला चीनच्या भिंतीची खिंड ओलांडून मंगोलियाकडे पोट भरायला जाण्याची रीत कैक पिढ्यांची. नुकतेच लग्न झालेला नवरा खिंडीकडे निघाला आहे आणि बायको त्याला निरोप देते आहे, असे 'त्सौ शिखौ' नावाचे लोकगीत या भागात घरोघरी ठाऊक आहे. बायको त्याला वाटेत काय खावे, कुठे उतरावे, कुणाशी कसे वागावे ते सांगत राहते. एका दुकानात ते लागले होते. काउंटरवरची बाई हिशेब करता करता सहज ओठ हलवत होती.

*

दक्षिण रस्त्यावर दुकानेच दुकाने : गोमांस, व्हिनेगर, लाखकाम, चांदीच्या पट्ट्या, भाड्याचे जुने पोशाख घालून फोटो काढून घेणाऱ्या मुली. गर्दीत मधोमध बाजारमनोऱ्याखालून रस्ता जातो. संध्याकाळी दिवे लागले की छान दिसते. बाजाराचा रस्ता बाजारासारखाच असणार. मी फार थांबले नाही.

*

पिंग्याओ टिकले ते आधी गरिबीमुळे. पेढ्या बुडाल्या, पैसा संपला, आणि जुने पाडून नवे बांधायला कुणाकडे काही उरले नाही. मुनिमांना काळाची चाहूल लागली नव्हती असे नाही. सरकारी बँकेत सामील व्हा, आपणही नव्या पद्धतीची बँक काढू, असे सांगणारे त्यांच्यातच होते. मुख्य पेढ्यांनी ऐकले नाही. १९११ ची क्रांती झाली, शाखा लुटल्या गेल्या, घेणेकरी दाराशी आले, दिलेली कर्जे वसूल होईनात. १९१४ मध्ये रिशेंगचांगने हात वर केले.

दुसऱ्यांदा टिकले ते एका माणसामुळे. १९८० च्या सुमारास जुन्या शहरातून रुंद रस्ते काढून नवे पिंग्याओ बांधायची योजना ठरली होती आणि पश्चिमेकडून पाडापाडी सुरूही झाली होती. शांघायच्या थोंगजी विद्यापीठातले नगररचनेचे प्राध्यापक र्वान यीसान हे पाहून हादरले. १९८१ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन ते इथे आले, वाडे मोजले, नकाशे काढले आणि पर्यायी आराखडा मांडला : तटाच्या आत हात लावायचा नाही, नवे शहर बाहेर वसवायचे. तो घेऊन ते बीजिंगपर्यंत गेले. पाडापाडी थांबली. १९९७ मध्ये पिंग्याओ जागतिक वारसा झाले. नकाशावर तट आणि बाहेरचे नवे शहर शेजारी शेजारी पाहिले की एका बऱ्या आराखड्याची ताकद कळते. आपल्याकडचे किती वाडे असा एक चिकट माणूस न भेटल्यामुळे गेले, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

वारसा झाल्यावर कचेऱ्या, शाळा, दवाखाने बाहेर गेले, त्यांच्यामागून बरीच माणसेही गेली. आत उरलेल्यांत म्हातारे जास्त. मुख्य रस्ता सोडून दोन वळणे आत गेले की ती भेटतात : दारात बाकडे टाकून पत्ते खेळणारी, कोळशाच्या विटा रचणारी, पालेभाजी निवडणारी.

तटाच्या आतच एक जुना डिझेल इंजिनांचा कारखाना होता. शेजारच्या फन्यांग गावचे दिग्दर्शक ज्या झांगख यांनी २०१७ पासून त्या जागेत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायला सुरुवात केली. कारखाना पाडून 'जुन्यासारखा' वाडा बांधला नाही, शेडच वापरली. मला हे फार आवडले. कारखानाही या शहराचा इतिहासच आहे.

*

छ्याओ घराण्याचा वाडा पिंग्याओच्या उत्तरेला, छी तालुक्यातल्या छ्याओच्याबाओ गावात. छ्याओ ग्वेईफा नावाचा पोरका, कंगाल मुलगा अठराव्या शतकात खिंड ओलांडून बाओतौला गेला. जनावरांची वैरण, टोफू, मोड आणलेली कडधान्ये विकत विकत त्याने दुकान उभे केले. आधी छ्याओंची पेढी झाली आणि मग बाओतौ शहर, असे तिकडे म्हणतात. वाड्याचे काम १७५६ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या पिढ्यांनी तो वाढवत नेला : सहा मोठे चौक, वीस लहान, ३१३ खोल्या. ग्वेईफाचा नातू छ्याओ झीयोंग (१८१८–१९०७) याच्या हातात घराण्याची सर्वांत भरभराट झाली.

दरवाजातून आत गेले की लांब सरळ गल्ली, तिच्या दोन्ही हातांना तीन तीन मोठे चौक, टोकाला पूर्वजांचे देवघर. दारासमोरच्या भिंतीवर विटेत 'दीर्घायुष्य' हे एकच अक्षर शंभर वेळा कोरले आहे, प्रत्येक वेळी निराळ्या वळणाने. एकही वळण पुन्हा येत नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत ताडून पाहत राहिले.

१९८६ पासून या वाड्यात छी तालुक्याचे लोकजीवन संग्रहालय आहे. शेतीची अवजारे, सुताराचे-लोहाराचे सामान, बाळाच्या जन्मापासून तिरडीपर्यंतचे विधी, वर्षाचे सण, कपडे, दागिने, व्यापाराच्या वह्या. एका खोलीत पिठाची खेळणी मांडली आहेत. गव्हाचे पीठ आंबवून, मळून त्याचे वाघ, मासे, डाळिंबे, ससे करायचे, खजुरासारखी लाल बोरे किंवा काळे दाणे डोळ्यांना लावायचे आणि वाफवायचे. वाफेत आकार सुटतो, गाल फुगतात, म्हणून करतानाच बाई तेवढी जागा धरून चालते. बाळ महिन्याचे झाले, कुणाचे लग्न निघाले, म्हाताऱ्यांची साठी आली, पितरांना नैवेद्य दाखवायचा, प्रत्येकाचा आकार वेगळा. कात्री, कंगवा आणि सुरी एवढीच हत्यारे. कंगव्याच्या दातांनी वाघाचे केस उठवतात. हे काम करणाऱ्या बाईचे नाव कुठेच लिहिलेले नसते, आणि नमुने दोन-चार दिवसांत खाल्ले जातात. संग्रहालयातले मात्र लाखेने गुळगुळीत केलेले. शेजारच्या कपाटात बांधलेल्या पावलांचे जोडे, तळहातावर मावतील एवढे, त्यांवर कशिदा इतका बारीक की तो कुणी घातला असेल हे मनात आणवत नाही.

लग्नाची खोली लाल आणि भरगच्च. पालखी, मुंडावळ्यांसारख्या झालरींचा वधूचा मुकुट, ओट्यावर रजयांची चळत. पण लग्नानंतरची तीन वर्षे दाखवणारी खोली नाही. पत्राची वाट, एकटीने केलेली सुगी, सासूचे आजारपण, रजेवर आलेल्या बापाला न ओळखणारे मूल. शान्शीच्या व्यापारी घराण्यांचे लोकजीवन म्हणायचे तर हेच त्याचे पोट आहे. व्यापाऱ्याच्या वहीला काचेचे कपाट मिळते, बायकांनी सांभाळलेल्या घराच्या हिशेबाला मिळत नाही. संग्रहालयाने हे करायला हवे. वस्तू तर त्यांच्याकडे आहेतच.

*

वाड्यात जिकडे तिकडे लाल कंदील. झांग यीमौ यांच्या १९९१ च्या 'रेज द रेड लँटर्न' या चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाले. मालक ज्या बायकोकडे रात्री जाणार तिच्या दारी कंदील लागायचे, अशी त्यात रीत आहे. ही रीत चित्रपटासाठी रचलेली. ज्या कादंबरिकेवर तो बेतला तिच्यातही ती नाही. आणि छ्याओ घराण्याचे जे सहा नियम सांगतात त्यांतला पहिलाच, दुसरी बायको करायची नाही, हा आहे. बाकीचे : वेश्यागमन नाही, जुगार नाही, अफू नाही, दारूची नशा नाही, नोकरांना मारझोड नाही. झीयोंगची सहा लग्ने झाली, पण एक वारल्यावर दुसरी अशी.

चित्रपट मोठा आहे आणि त्यातली गोंग ली विसरता येत नाही. पण वाडा बघायला येणारे चौकात उभे राहून चित्रपटातली चौथी बायको कुठे राहायची ते विचारतात, आणि वाटाडे दार दाखवतातही. लोकजीवनाच्या संग्रहालयात तरी लोकांचे काय आणि दिग्दर्शकाचे काय हे ठळक अक्षरांत लिहायला हवे. २०१९ मध्ये चीनच्या संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाने या वाड्याचा सर्वोच्च पर्यटन दर्जा काढून घेतला, अति व्यापारीकरण हे एक कारण देऊन. बाहेरच्या दुकानांची रांग पाहिली की ते कारण पटते.

*

छ्याओंच्या हकिगतीत १८७७ या सालापाशी मला थांबावे लागले. पाऊस पडला नाही, आणि उत्तर चीनमध्ये १८७६ ते १८७९ असा दुष्काळ पडला की त्यात नव्वद लाख ते एक कोटी तीस लाख माणसे गेल्याचा अंदाज करतात. सगळ्यांत जास्त होरपळला तो शान्शी. थ्येनजिन बंदरात धान्याचे ढीग होते, पण थायहांगच्या घाटातून ते वर चढेना. गाड्या अडकल्या, ओढणारी जनावरे वाटेतच मेली. छ्याओंनी त्या वर्षी गावकऱ्यांसाठी पेज शिजवली आणि घरातल्यांना चैनीचे खाणे बंद केले, असे सांगतात.

तीच वर्षे दख्खनच्या दुष्काळाची : सोलापूर, विजापूर, नगर, पुणे. दोन्हीकडचा पाऊस पळवला तो प्रशांत महासागरातल्या एकाच एल निनोने, हे हवामानशास्त्राने नंतर दाखवून दिले. सोलापूरच्या शेतकऱ्याला आणि पिंग्याओच्या शेतकऱ्याला एकमेकांचे नावही माहीत नव्हते. शाळेत मी दख्खनचा दुष्काळ शिकले, शान्शीचा कुणी सांगितला नाही; आणि इथल्या मुलांना आपला कुणी सांगत नसेल. दोन्ही एका पानावर छापायला हवेत.

*

इथल्या ज्वारीचे व्हिनेगर होते, आणि फन्यांगकडे दारू होते. पीठ गव्हाच्या किंवा इतर पिठात मिसळून शेवयाही करतात. पण व्हिनेगरची कृती ऐकण्यासारखी. ज्वारी शिजवून, बार्ली-वाटाण्याचे विरजण घालून आंबवतात, कोंडा मिसळतात, त्यातला भाग मंद आचेवर धुरावून काळा करतात, मग पाणी घालून अर्क काढतात. एवढ्यावर ते जुने व्हिनेगर होत नाही. रांजणात भरून अंगणात ठेवायचे. उन्हाळ्यात उन्हाने पाणी उडते. हिवाळ्यात वर बर्फ गोठतो, तो रोज काढून टाकायचा. गोठते ते पाणी, उरतो तो आंबटपणा. वर्षभर, कधी कित्येक वर्षे, असे आटत आटत ते दाट आणि काळे होते. जेवताना प्रत्येक टेबलावर किटली असते. ओटच्या पिठाच्या उभ्या नळ्या चाळणीत मधाच्या पोळ्यासारख्या रचून वाफवतात. त्यावर हे व्हिनेगर आणि लसूण. चाकूने थेट उकळत्या पाण्यात पिठाचे काप उडवणारा स्वयंपाकी मी बराच वेळ पाहिला. गोळा खांद्यापाशी धरलेला, काप एकसारखे, मध्ये जाड, कडेला पातळ.

*

लाखकामाच्या कारखान्यात मुली कपाटाच्या फळ्या तळहाताने घासत होत्या. फळीवर आधी कापड आणि विटांच्या चुऱ्याचा लेप, त्यावर लाखवृक्षाच्या चिकाचे एकावर एक हात. चीक वाळायला कोरडी हवा चालत नाही, दमट आणि ऊबदार खोली लागते. प्रत्येक थर वाळला की पाण्यातून घासायचा. शेवटचे घासणे हाताने : बारीक पूड, किंचित तेल आणि तळहाताचा मांसल भाग. यंत्राने हा झळाळ येत नाही, कारण पृष्ठभाग कुठे तापतो आहे, कुठे अजून खरखरीत आहे ते कातडीलाच कळते. एका मुलीने मला हात लावू दिला. तिचा तळवा लहान बाळासारखा मऊ होता, रेषा जवळजवळ पुसलेल्या. नवशिकीला आधी चिकाने अंगभर पुरळ उठते, महिनाभर खाज जात नाही, असे तिने सांगितले. मग अंग सरावते. २००६ मध्ये या कलेचा राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत समावेश झाला. कारखान्यात बहुतेक बायकाच आहेत.

*

जाणाऱ्यांसाठी. पिंग्याओच्या नैर्ऋत्येला श्वांगलिन मंदिर आहे, ते चुकवू नये. मिंग काळातल्या दीड हजारांहून अधिक रंगीत मातीच्या मूर्ती, धुळीने माखलेल्या, जाळीआड. विजेरी जवळ ठेवा. अठरा अर्हतांमध्ये एक मुका आहे, त्याचे तोंड मिटलेले आणि डोळ्यांत सगळा संताप. आणि वेईथ्वो, म्हणजे आपला कार्तिकेय, बौद्ध धर्माबरोबर इथे येऊन मठांचा रखवालदार झालेला : कमरेत पीळ घेऊन वळलेला, जणू मागे आत्ताच काही वाजले. ईशान्येला झेनग्वो मंदिर. तिथला मुख्य देवमंडप ९६३ सालचा, लाकडी, वरचे छप्पर तोललेले आहे ते एकात एक अडकवलेल्या तुळयांच्या घोड्यांवर. तिथे गर्दी नसते. हिवाळ्यात आलात तर ओट्याची खोली मागून घ्या, आणि ओट्याच्या गरम टोकाला म्हाताऱ्यांना झोपू द्या, इथे तशी रीत आहे. वाड्यात राहायला मिळाले तर घरच्या बाईला विचारा तिची आजी घर कसे चालवायची. मी दुभाषामार्फत विचारले, तेव्हा तिने आधी चहा ओतला आणि मग तासभर बोलत राहिली : आजीचा नवरा थ्येनजिनला, दर नव्या वर्षाला एक पत्र, त्यात पैसे किती पाठवले ते आणि घरातल्यांची नावे, मोठ्यापासून लहानापर्यंत, क्रमाने. आजीला वाचता येत नव्हते. पत्र गल्लीतला मास्तर वाचायचा, आणि तो येण्याआधी ती अंगण झाडून ठेवायची.